आपल्या मापाची फळी

माझ्या क्वार्टरच्या भिंतीवर एक फोटो आहे. काळा रबरी सूट घातलेला, थंडीने ओठ निळे पडलेला मी एका लाकडी धक्क्यावर उभा आहे आणि शेजारी माझ्याच उंचीची, मधे रुंद नि दोन्ही टोकांना निमुळती अशी एक फळी धरली आहे. हॉस्टेलची पोरं मेसच्या तक्रारी घेऊन येतात तेव्हा त्यांची नजर हमखास तिकडे जाते. मागच्या महिन्यात सेकंड इयरच्या एकाने धाडस करून विचारलंच, "सर, अमेरिकेत जाऊन इस्त्रीच्या फळीबरोबर फोटो का काढला?"

सगळे हसले, मीही हसलो. वेळ रात्री साडेदहाची, विषय आमटीतल्या पाण्याचा, त्यामुळे उत्तर राहून गेलं. इकडे संपादक मंडळ 'सर, मराठी विभागाला लेख कमी पडतायत' म्हणून मागे लागलंच होतं. म्हटलं, चला, त्या फळीचीच गोष्ट लिहू. तिच्यात थोडं मेकॅनिक्स आहे, थोडी फजिती आहे आणि एक खोटं बोलणंही आहे. ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

ती फळी म्हणजे स्लालम वॉटर स्की. धावत्या बोटीला दोर बांधायचा, दोराच्या टोकाची मूठ दोन्ही हातांनी धरायची आणि एकाच फळीवर दोन्ही पाय पुढे-मागे ठेवून पाण्यावरून घसरत जायचं. सर्कशीतला प्रकार वाटेल, पण खेळ शंभर वर्षांहून जुना आहे.

मी या कॉलेजातून २००८ साली बाहेर पडलो. वर्षभर नोकरी केली आणि मग एज्युकेशन लोन काढून एम.एस.साठी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेलो. माणूस मूळचा माणदेशातला. आमच्याकडे मार्च संपला की गल्लीत टँकरचा हॉर्न वाजायचा आणि जो तो हंडे-घागरी घेऊन धावायचा. आणि मिनेसोटात काय, तर गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं, 'दहा हजार तळी'! तीही नम्रपणे सांगितलेली संख्या. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. बर्फ वितळल्यावर मी पहिल्यांदा एक तळं नीट पाहिलं तेव्हा बराच वेळ काठावर बसून राहिलो. एवढं पाणी, आणि हंडा घेऊन कुणीच उभं नाही!

पोहता मला येत होतं. शिकलो आमच्या विहिरीत, पाऊस बरा झाला होता त्या साली. आबांनी, म्हणजे आजोबांनी, पाठीला मोठा वाळका भोपळा बांधला, कमरेला चऱ्हाट बांधलं, त्याचं टोक स्वतःच्या हातात धरलं आणि दिलं ढकलून. आठ दिवसांनी मोठा भोपळा जाऊन लहान आला. आणखी आठ दिवसांनी तोही गेला, नुसतं चऱ्हाट उरलं. एक दिवस मी पलीकडच्या पायरीला हात लावून वळून बघतो तर चऱ्हाट आबांच्या हातात नव्हतंच. भोपळा बांधल्याची तेव्हा कुणालाच लाज वाटली नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

विद्यापीठात वॉटर स्कीचा क्लब होता. वर्गणी थोडी, पेट्रोलचे पैसे सगळ्यांनी वाटून घ्यायचे. शहराबाहेरच्या एका छोट्या तळ्यावर क्लबची जुनी बोट असायची. ती चालवायला एक निवृत्त शाळामास्तर यायचे. आम्ही सगळे त्यांना 'कोच'च म्हणायचो. कमी बोलायचे, पण एकदा धरलं की सोडायचे नाहीत. आपल्या वर्कशॉपचे जुने इन्स्ट्रक्टर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

सुरुवात दोन स्कींवर होते. पाण्यात लाइफ जॅकेट घालून उकिडवं बसायचं, गुडघे छातीशी, स्कीची टोकं पाण्याबाहेर, हात सरळ. बोट ओढायला लागली की आपण दोर ओढायचा नाही, बोटीला आपल्याला उठवू द्यायचं. हे ऐकायला सोपं. पण माणूस घाबरला की हात आपोआप दुमडतात आणि पुढच्या क्षणी नाकातोंडात पाणी! पहिल्या दिवशी मी सात वेळा आपटलो. आठव्या वेळी उठलो आणि जवळजवळ अर्धं तळं ओलांडेपर्यंत ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मराठीत असल्यामुळे बोटीत कुणाला कळलं नाही, हे बरं झालं.

महिन्याभरात दोन स्कींवर बरं जमायला लागलं. मग एक स्की सोडायची पाळी आली. आधी कुठला पाय पुढे ठेवायचा ते ठरवायचं. बोटीमागे सरळ जाताना एकदा डावा पाय किंचित उचलून बघायचा, एकदा उजवा. ज्या पायावर जास्त वेळ टिकतो तो पुढे. माझा उजवा निघाला. मग चालत्या बोटीमागे डावी स्की हळूच पायातून सोडून द्यायची आणि तो पाय मागच्या पट्ट्यात सरकवायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेही जमलं. मी 'एका फळीवरचा' झालो. आणि इथेच घोटाळा सुरू झाला.

क्लबच्या जोडीतल्या स्कीवर आता मन रमेना. स्वतःची स्लालम स्की पाहिजे! लॅबमध्ये बसून मी थर्मलचे पेपर वाचायच्या ऐवजी एच.ओ., रडार अशा कंपन्यांची माहितीपत्रकं वाचू लागलो. कार्बन फायबर, अमुक कोर, तमुक कडा. इंजिनिअर माणसाला एवढं खाद्य पुरेसं असतं. त्यातच टीममधला एक सीनिअर शिक्षण संपवून चालला होता. त्याची स्पर्धेतली स्की विकायला निघाली. काळीभोर, कार्बनची, ६५ इंच लांब, दोन्ही पायांना घट्ट उंच बूट. नवी घ्यायची तर त्याच्या कितीतरी पट पैसे पडले असते. तो ३५० डॉलरला द्यायला तयार झाला. हातात घेतली तर पिसासारखी हलकी! या स्कीवर तो बोयांना वळसे घालताना मी पाहिला होता. म्हटलं, हीच.

आता ३५० डॉलर कुठून आणायचे? तेव्हाच घरी मोटार जळाली होती. विहिरीवरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार पाणी संपल्यावरही कोरडी चालत राहिली आणि गेली. डाळिंबाची बाग, पाऊस लांबलेला, झाडांवर फळ धरलेलं. नानांना, म्हणजे वडिलांना, मी फोनवर कबूल केलं होतं की स्टायपेंड आला की ३०० डॉलर पाठवतो. तेव्हाच्या भावाने साधारण साडेतेरा हजार रुपये.

स्टायपेंड आला. मी स्की घेतली. रविवारी फोन केला आणि म्हणालो, "नाना, ह्या वेळेला स्टायपेंड लांबलाय. महिन्याभरात पाठवतो." नाना म्हणाले, "बरं बरं. तू जेवतूस का नीट?"

बस, एवढंच बोलणं झालं. 

पुढच्या शनिवारी काळी स्की घेऊन मी तळ्यावर हजर. कोचनी स्कीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीच बोलले नाहीत. बूट मला दोन नंबर मोठे होते, म्हणून आत जाड मोजे घातले होते. पाण्यात उतरलो. बोट निघाली. स्की उठेचना! पाणी छातीवर आदळतंय, हात खांद्यातून निघतायत की काय असं वाटतंय. शेवटी मूठ सुटली. नऊ प्रयत्नांनंतर उठलो, तर मागचं टोक पाण्यात बसलेलं आणि पुढचं आभाळाकडे. नांगर ओढत चालल्यासारखं. वळायला जावं तर स्की डळमळते, सरळ जावं तर मांड्या पेटतात.

सलग तीन आठवडे हेच. क्लबमधल्या मुली, ज्या माझ्यानंतर शिकायला लागल्या होत्या, त्या मजेत इकडून तिकडे जात होत्या. मी मात्र रोज पहिल्या दिवसावर. मी स्वतःला सांगत होतो की स्की भारी आहे, मीच कमी पडतोय, अजून जोर लावला पाहिजे. चौथ्या शनिवारी जोर लावला. बोटीमागची लाट ओलांडताना स्कीचं टोक पाण्यात घुसलं आणि मी समोर फेकला गेलो. एक पाय बुटातून निघाला, दुसरा निघाला नाही. घोटा मुरगळला आणि बरगड्यांना असा मार बसला की पाण्यात पडल्या पडल्या, ठीक आहे म्हणून हात वर करायचा असतो, तोसुद्धा वर होईना.

दवाखान्यात हाड मोडलेलं नाही असं निष्पन्न झालं. पण दोन-तीन आठवडे पाणी बंद. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. उताणं पडून छताकडे बघायचो, आणि छतावर मला दिसायची डाळिंबाची बाग.

असाच एक रविवार. कोचचा फोन आला, "लेक सिटीला चाललोय. येतोस?"

लेक सिटी हे पेपिन तलावाच्या काठचं छोटं गाव, आमच्यापासून सव्वा-दीड तासावर. तलाव कसला, मिसिसिपी नदीच तिथे फुगून तीनेक किलोमीटर रुंद झाली आहे. वॉटर स्कीचं जन्मस्थान म्हणून ते गाव स्वतःला मिरवतं, आणि ते खरंही आहे. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराच्या डोक्यात आलं की बर्फावर जसं घसरतात तसं पाण्यावर का घसरू नये? आधी त्याने बॅरलच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, बुडाल्या. बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, त्याही बुडाल्या. मग त्याने ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद लाकडी फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात धरून वाकवली, पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. २ जुलै १९२२ रोजी, भावाच्या बोटीमागे, टोकं वर करून मागे रेललेला तो पोरगा पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. पेटंटबिटंट त्याने काही घेतलं नाही. ते १९२५ साली फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच माणसाने घेतलं. सॅम्युएलसनचा पहिलेपणा तिथल्या वॉटर स्की संघटनेने मान्य केला तो थेट १९६६ साली.

काठावर बसून कोचनी ही गोष्ट सांगितली आणि मास्तरासारखा प्रश्न टाकला, "बॅरलच्या फळ्या बुडाल्या आणि त्या का तरंगल्या?"

मी म्हणालो, "क्षेत्रफळ."

"मग तू तीन आठवडे काय करत होतास?"

मी गप्प. मेकॅनिकलचा डिग्रीवाला, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये डिस्टिंक्शन! खिशातल्या कागदावर तिथेच हिशोब मांडला. मित्रहो, तुम्हीही मांडून बघा. पाण्यावर घसरणाऱ्या फळीला पाणी वर उचलतं, चपटी खापरी तळ्यावर टप्पे खात जाते तसं. ही उचल ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. मी घेतलेली स्की बनवली होती स्पर्धेसाठी, जिथे पुरुषांचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर असतो. मी जायचो ४५ ने. पंचेचाळीसला अठ्ठावन्नने भागा आणि वर्ग करा. उत्तर येतं ०.६. म्हणजे फळी तीच, कोन तोच, पण उचल फक्त साठ टक्के! माझं वजन तर कमी होत नव्हतं. मग उरलेले चाळीस टक्के भरून काढायला स्की काय करते? पाण्यात खोल बसते आणि टोक वर करते. त्याने पाण्याचा विरोध वाढतो, तो येतो हातांवर. घाबरून माणूस मागच्या पायावर भार देतो, शेपूट आणखी बुडतं. नांगर ओढल्यासारखं वाटायचं ते उगीच नाही.

"ती स्की वाईट नाही," कोच म्हणाले. "ती तुझी नाही, एवढंच."

मग त्यांनी मला पाच प्रश्न विचारले. वजन किती? बोटीचा वेग किती, म्हणजे तुला आवडेल तो नाही, तुला झेपतो तो? उघड्या तळ्यावर जाणार की बोयांच्या कोर्सवर? कुठला पाय पुढे? आणि वर्षातून किती दिवस पाण्यात उतरणार? मी उत्तरं देत गेलो. ६८ किलो. ४५ किलोमीटर. सध्या उघडं तळं, जमलं तर कोर्स. उजवा. पंचवीस-तीस दिवस. या पाचांपैकी एकाचंही उत्तर 'कार्बन' असं नव्हतं!

त्या दुपारी मी जे शिकलो ते थोडक्यात लिहितो. डिझाइनवाल्यांना गोडी वाटेल.

पहिली लांबी. मोठ्यांच्या स्की साधारण ६४ ते ६९ इंचांच्या असतात. वजन जास्त तर स्की लांब, आणि वेग कमी तरीही स्की लांब. लोक वजनाचा तक्ता बघतात आणि वेगाचा रकाना विसरतात. माझ्या वजनाला आणि वेगाला ६७ इंच योग्य होती.

दुसरी रुंदी. शिकणाऱ्यासाठी लांबीपेक्षाही हिचा फरक जास्त. घरी येऊन काळी स्की पट्टीने मोजली, सर्वांत रुंद जागी पावणेसात इंच. कोचनी सांगितलं, साडेसातच्या आसपास बघ. रुंद स्की लवकर पाण्यावर येते, कमी वेगातही वर राहते.

तिसरा तळाचा बाक. स्की सपाट फरशीवर ठेवली की टोक आणि शेपूट वर उचललेली दिसतात. हा बाक जास्त असेल तर स्की पटकन वळते पण वेग खाते. कमी असेल तर सुसाट जाते, पाण्यातून सहज उठते, पण वळायला आळशी. शिकणाऱ्याने मधलं बघावं.

चौथ्या कडा. धारदार कडांची स्की पाण्याच्या वरवर राहते. गोलसर कडांची जरा पाण्यात बसते पण सहज कलते आणि चुका पोटात घालते. पाचवा ताठपणा. कार्बनची स्की ताठ असते, तुम्ही जे कराल त्याला लगेच उत्तर देते. पण तुम्ही चूक केलीत तर चुकीलाही लगेच उत्तर देते! फायबरग्लासची थोडी लवते, सांभाळून घेते.

सहावा फिन, म्हणजे शेपटाखालचा धातूचा पंख. जाणकार खेळाडू त्याची जागा डिजिटल कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून बदलतात. हे ऐकून माझे डोळे चमकलेले बघून कोचनी बजावलं, "कंपनीने लावलाय तिथेच राहू दे. तू अजून दर वेळी वेगळ्या तऱ्हेने उभा राहतोस. मग फिन हलवल्याने काय बदललं हे तुला कळणार कसं?" वा! म्हणजे प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा फर्स्ट इयरच्या जर्नलमधला नियम.

आणि सातवे, खरं तर सर्वांत महत्त्वाचे, बूट. पुढच्या पायाला नीट मापाचा बूट आणि मागच्या पायाला नुसता पट्टा, ज्यात पाय सरकवता येतो. सुरुवातीला मागचा पाय मोकळा ठेवून पुढच्या एकावर उठणं अनेकांना सोपं जातं, आणि पडताना तो पाय अडकून राहत नाही. ढिल्या बुटात एक पाय सुटून दुसरा अडकणं ही सर्वांत धोक्याची गोष्ट. ते मला सांगायची गरज नव्हती, घोटा अजून सुजलेलाच होता.

काळी स्की मी २६० डॉलरला विकली. घेणारी आमच्याच क्लबमधली, टीममधून स्पर्धा खेळणारी मुलगी. वजन माझ्यापेक्षा कमी, वेग ताशी ५५. मी धक्क्यावर बसून तिला बघत होतो. तीच स्की तिच्या पायाखाली अशी वळत होती की पाण्याची भिंत उडत होती! स्पर्धेच्या कोर्सवर २५९ मीटरमध्ये सहा बोया असतात, पुरुषांच्या वेगात तो जेमतेम सोळा सेकंदांत संपतो. बोये मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर असतात आणि जागतिक दर्जाचे खेळाडू ९.७५ मीटरच्या दोराने तिथवर पोचतात, उरलेलं अंतर शरीर झोकून गाठायचं. ती काळी स्की त्या दुनियेतली होती. मी तिला बैलगाडीच्या वाटेवर घेऊन निघालो होतो आणि वर तिलाच बोल लावत होतो.

मग कोचबरोबर जाऊन एक जुनी स्की शोधली. ६७ इंच, साडेसात रुंद, फायबरग्लासची, रंग उडालेला पिवळा. १२० डॉलर. जुनी स्की कशी बघावी हेही त्यांनी दाखवलं. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकायचं, कुठे पोकळ आवाज आला तर आतला थर सुटला असं समजायचं. मडकं घेताना आई जसं वाजवून बघते, अगदी तसंच. फिनच्या खाचेभोवती तडा आहे का, बुटाचे स्क्रू त्यांच्या भोकांत घट्ट बसतात का, रबर कुठे फाटलंय का. वरचे ओरखडे मात्र सोडून द्यायचे. दिसायला ती स्की अगदीच गरीब होती. फोटोत माझ्या शेजारी उभी आहे ती हीच. 'इस्त्रीची फळी' म्हणणाऱ्याचा राग आला नाही तो म्हणूनच.

हिशोबाने १४० डॉलर हातात उरले. पुढच्या स्टायपेंडमधले १६० घालून ३०० पुरे केले, घरी पाठवले आणि रविवारी फोन लावला.

"नाना, पैसे पाठवलेत. आणि एक सांगायचंय. स्टायपेंड लांबला नव्हता."

सगळं सांगितलं. स्की म्हणजे काय हे सांगण्यातच कार्डावरचा अर्धा वेळ गेला. पलीकडे शांतता. मग मी विचारलं, "बाग?"

"वरचा तुकडा ऱ्हायला. शेजाऱ्याचं पानी घेतलं चार दिस. खालचा गेला."

मला काही बोलता येईना. बरगडीतून कळ आली ती माराची की कशाची, कोण जाणे. नानाच पुढे म्हणाले, "आरं, मी तरी काय शाना? हिरीत पानी घागरभर आन् मी आणली साडेसातची मोटर. का, तर शेजाऱ्यानं आणली म्हणून. अर्ध्या तासात हीर कोरडी, मोटर बोंबलत. हिरीचं पानी बघून मोटर घ्यायची आस्ती, शेजाऱ्याची मोटर बघून न्हाय. आता तीनची घेतो." जरा थांबून म्हणाले, "पर खोटं का बोल्लास? मागितले आस्तेस तर न्हाय म्हणलो आस्तो, एवढंच ना?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. काळी स्की का घेतली, याचं खरं उत्तर तेव्हा मिळालं. मला स्की करायची नव्हती, त्या सीनिअरसारखं दिसायचं होतं. आणि दिसण्यासाठी घेतलेली वस्तू लपवावी लागते, म्हणून खोटं बोलावं लागलं. पिवळ्या स्कीसाठी कुणाशीच खोटं बोलायची गरज पडली नाही.

पिवळ्या स्कीवर मी दुसऱ्याच प्रयत्नात उठलो. खरं सांगायचं तर जरा अपमानच वाटला, इतकं सोपं होतं! ऑगस्ट संपेपर्यंत बोटीमागच्या दोन्ही लाटा ओलांडून जायला यायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात कोचनी कोर्सवर सोडलं. कमी वेगात, लांब दोरावर, सहापैकी तीन बोये घेतले. चौथ्याला आपटलो. बोटीतून कोचनी अंगठा वर केला. तीन बोये म्हणजे काही पराक्रम नाही, आमच्या क्लबमधल्या नवख्या मुली पाच-पाच घ्यायच्या. पण ते तीन माझे होते. २०११ मध्ये परत येताना पिवळी स्की क्लबलाच दिली, पुढच्या शिकणाऱ्यासाठी. विहिरीवरच्या खुंटीला भोपळा टांगून ठेवतात ना, तशी.

आता मुद्द्यावर येतो. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या खोलीत रांग लागते. "सर, लॅपटॉप कोणता घेऊ?" "सर, प्रोजेक्टला कोणता विषय घेऊ?" "सर, क्लास लावू का, रूममेटने लावलाय." मी आधी विचारतो, तुझा आजचा वेग किती? पोरं नाराज होतात. त्यांना वाटतं, सर आपल्याला कमी लेखतायत. तसं नाही रे बाबांनो. रुंद स्की घेणं म्हणजे कायमचं हळू जाणं नव्हे. वेग वाढला की पुढची घेता येते. पण ज्या फळीवर उभंच राहता येत नाही, तिच्यावर वेग वाढणार कसा? आणि उलटंही तितकंच खरं आहे. काहीजण भीतीपोटी फायनल इयरपर्यंत भोपळा सोडत नाहीत. त्यांच्यासाठी आबांची युक्ती, आठ दिवसांनी भोपळा लहान करत जायचा.

गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. पहाटे लाइट आली तशी विहिरीवरची मोटार सुरू झाली. तीन हॉर्सपॉवरची, आवाज बारीक. नाना आता थकलेत, पण मोटार चालू-बंद करायला दुसऱ्याला जाऊ देत नाहीत. मी मागोमाग गेलो. खालच्या तुकड्यात पुन्हा डाळिंब लावलंय, झाडं माझ्या छातीला लागतात. पाणी ठिबकत होतं. नानांनी विचारलं, "ती तुझी पानावरची फळी, अजून आहे का?"

"फोटो आहे," मी म्हणालो.

"आन् बघू एकदा. साडेसातची का तीनची?"

"तीनची, नाना."

"मग बरं," म्हणाले, आणि पाणी बघायला पुढे गेले.